मामाच्या पोराला युकेत डिटेन्शन सेंटरला ठेवलंय, किती दिवस ठेवू शकतात? माहिती असेल तर प्लीज सांगा

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, पण घरात सगळ्यांची झोप उडालीय म्हणून सगळंच लिहितो.

माझ्या मामाचा पोरगा, वय २८. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) केलेला, इथं एका दवाखान्यात १४ हजारावर राबत होता. २०२३ ला केअर वर्कर व्हिसावर युकेला गेला. एजंटनं सोळा लाख घेतले. मामानं दीड एकर ऊसाचं रान गहाण टाकलं, वरचे पाहुण्यांकडनं उचलले. तिकडं गेल्यावर कळलं की ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडं आठवड्याला धड दहा तासाचं पण काम नाही. मग वर्षभरानं त्या कंपनीचं स्पॉन्सरशिपचं लायसन्सच सरकारनं काढून घेतलं आणि ह्याला पत्र आलं, ६० दिवसात दुसरा स्पॉन्सर बघा नाहीतर देश सोडा. दुसरा मिळाला नाही. पोरानं घरी काही सांगितलं नाही, मामाचं कर्ज डोळ्यापुढं असणार, दुसरं काय. कुठल्या तरी गोडाऊनला रोजावर जात होता, तिथं रेड पडली आणि उचलून नेला.

आज ३७ वा दिवस. लंडनजवळ कुठल्या तरी रिमूव्हल सेंटरला आहे, म्हणजे परत पाठवायच्या आधी ठेवतात तिथं. स्वतःचा मोबाईल काढून घेतलाय, कॅमेरा नसलेला साधा फोन दिलाय त्यावरनं बोलतो. मामीला त्यानं सांगितलं, "आई हे जेल नाही म्हणतात, पण रात्री खोलीला बाहेरनं कुलूप लावतात." तेव्हापासून मामी रात्री साडेदहाला फोन मांडीवर घेऊन बसती, वाजला नाही तर बारा वाजेपर्यंत तशीच.

त्याच्यावर कसली केस नाही, कोर्टात उभा केला नाही, शिक्षा नाही. कळंबा जेलात असलेल्या माणसाला पण आपली तारीख माहीत असती हो, घरचे बोट मोजून सांगतात अमुक महिन्यात सुटणार म्हणून. ह्याला तारीखच कोण सांगेना झालंय. विचारलं तर "रिव्ह्यू चालू आहे" एवढंच उत्तर.

तर कायद्यानं किती दिवस ठेवू शकतात? वकील कुठनं करायचा? एम्बसी काही करती का? आणि इथला एक गृहस्थ म्हणतोय दोन लाख द्या, आतनं सेटिंग लावून सोडवतो. मामा द्यायला तयार झालाय. मी थांबवून धरलंय.

---

लेस्टरचा_कागलकर

दादा, आधी शेवटचं सांगतो. दोन लाख सोडा, एक रुपया पण देऊ नका. तिथं आतनं सेटिंग लागत नाही. बेलच्या, म्हणजे जामिनावर सुटायच्या अर्जाला सरकारी फी पण नाही. जो पैसे मागतोय तो पहिल्या एजंटाचाच भाऊ समजा.

मी १४ वर्षं इकडं युकेत आहे आणि त्यातली पाच वर्षं महिन्यातनं दोनदा एका सेंटरला व्हिजिटर म्हणून जातो, म्हणजे आत असलेल्या लोकांना भेटून नुसतं बोलत बसायचं. त्यामुळं आतलं बघितलंय. बोटांचे ठसे घेतात, पाकीट किल्ल्या सगळं लॉकरात, मग एकामागनं एक दारं, पुढचं दार मागचं बंद झाल्याशिवाय उघडत नाही. भेटायच्या हॉलला टेबलांवर नंबर असतात, ते एका बाजूला आणि आपण समोर. अंगावर स्वतःचेच कपडे असतात, कैद्याचे नाही. आत झाडलोट, किचनचं काम मिळतं, त्याचा तासाला एक पाउंड देतात.

मागं एक गुजराती काका भेटायचे. त्यांनी वहीत रोज एक रेघ मारलेली. मी विचारलं किती झाल्या, तर म्हणाले मोजायचं सोडलं, आता नुसती मारतो. तुमचं तारखेचं वाक्य वाचून तेच आठवलं.

आता तुमचा प्रश्न. किती दिवस? युकेत कायद्यात ठरलेली मर्यादाच नाही. हे ऐकून धक्का बसेल पण खरं आहे. युरोपियन युनियनच्या बहुतेक देशांना २००८ च्या नियमानं जास्तीत जास्त १८ महिन्यांचं तरी कुंपण आहे, इथं तेवढं पण नाही. पण म्हणून वाट्टेल तेवढं ठेवता येतं असं पण नाही, आणि गंमत बघा, इथला हा नियम एका आपल्याच भारतीय माणसाच्या केसमधनं आलाय. हरदयाल सिंग. शिक्षा भोगून झालेली, भारतात परत पाठवायचा हुकूम झालेला, पण प्रवासाच्या कागदपत्रांचं घोंगडं भिजत पडलेलं आणि माणूस डरहॅमच्या जेलात तसाच. १९८३ ला कोर्टानं सांगितलं की परत पाठवणं हा एकच उद्देश असेल तरच डांबता येईल, तेही वाजवी काळापुरतं, आणि तेवढ्या काळात पाठवणं जमणार नाही असं दिसलं तर सोडा, आणि सरकारनं कामात चालढकल करायची नाही. आज चाळीस वर्षं झाली, इथले वकील अजून "हरदयाल सिंग" म्हणूनच कोर्टात उभे राहतात.

आता कामाचं:

पोराला सांगा आतल्या वेलफेअर ऑफिसला जाऊन फुकट वकिलासाठी नाव लिही. पहिली अर्धा तास भेट फुकट असते, पुढं केस बघून लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चानं वकील मिळतो. "बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज" नावाची संस्था आहे, ते स्वतः बेलचा अर्ज कसा करायचा त्याची पुस्तिका देतात, त्यांना फोन लावायला सांगा.

बेलसाठी सगळ्यात महत्त्वाचा पत्ता. सुटल्यावर कुठं राहणार, कुणाच्या घरात, त्या घरवाल्याचं पत्र. आणि जामीन राहणारा कुणीतरी, कागदपत्रं असलेला. ओळखीचा कोण नसेल तर मला मेसेज करा, इकडं सांगली कोल्हापूरची बरीच पोरं आहेत.

पण घाई करून अर्धवट अर्ज टाकू नका, हे मी दहा वेळा सांगेन. ट्रायब्युनलनं, म्हणजे बेलचं ठरवणाऱ्या कोर्टानं, एकदा बेल नाकारली की परिस्थितीत काही मोठा बदल नसेल तर २८ दिवस परत मागता येत नाही. घाबरलेली माणसं पहिल्या आठवड्यात नुसता अर्ज टाकतात, पत्ता नाही, जामीन नाही, आणि महिना घालवून बसतात. माणसानं अर्ज केलाच नाही तरी चार महिन्यांनी केस आपोआप जजपुढं जाते, पण तोवर थांबायचं कशाला.

झोप येत नाही, डोक्यात वाईट विचार येतात असं काही असेल तर लाजू नको म्हणावं, आतल्या डॉक्टरला सांगून लेखी रिपोर्ट करून घे. रूल ३५ चा रिपोर्ट म्हणतात त्याला. तो गेला की त्या माणसाला आत ठेवायचं का ह्याचा सरकारला परत विचार करावा लागतो.

आणि कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करायची नाही. स्वतःहून परत जायचं ठरवलं तर तेही वाईट नाही, स्वतःच्या खर्चानं गेला तर बंदी साधारण एक वर्षाची, जबरदस्तीनं पाठवला तर दहा वर्षांची. पण ते ठरवायचं वकिलाशी बोलून आणि तुमच्या सगळ्यांशी बोलून, रात्री अकराला कुणीतरी कागद पुढं सरकवला म्हणून नाही.

---

शाहूपुरी_वकील

कागलकरांनी तिकडचं व्यवस्थित सांगितलंय, मी इकडचं सांगतो.

एम्बसी काही करते का? करते, पण मागावं लागतं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, परदेशात अटकेत असलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी (एम्बसीशी) संपर्क करायचा हक्क आहे, आणि हा हक्क आहे हे त्याला सांगायचं काम ठेवणाऱ्या देशाचं आहे. कुलभूषण जाधवांची केस आठवा, जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ह्याच कलमावर पाकिस्तानला दोषी धरलं. पोरानं लेखी मागणी करावी, तुम्ही इथनं परराष्ट्र खात्याच्या "मदद" पोर्टलवर तक्रार टाका, पासपोर्ट नंबर आणि सेंटरचं नाव घालून. वकिलात सोडवून आणत नाही, ते तिच्या हातात नाही. पण प्रवासाची कागदपत्रं लवकर काढणं, भेटायला माणूस पाठवणं, वकिलांची यादी देणं हे होतं. एक मात्र लक्षात ठेवा, त्यानं तिकडं आसरा मागायचा अर्ज केला असेल तर वकिलातीकडं जायच्या आधी तिकडच्या वकिलाला विचारा.

एजंटाचं सोडू नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानं लायसन्स लागतं, ई-मायग्रेटच्या सरकारी वेबसाईटवर रजिस्टर एजंटांची यादी आहे, त्यात नाव बघा. नसेल तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडं आणि पोलिसात दोन्हीकडं तक्रार द्या. व्यवहार २०२३ चा आहे म्हणजे फसवणुकीचं जुनं आयपीसी ४२० कलम लागेल, नवीन कायदा १ जुलै २०२४ पासनं आहे. पैसे कसे दिले, रोख का खात्यावर, चॅट आहे का, सगळं आत्ताच जपून ठेवा. मोबाईल बदलताना चॅट गेलं म्हणून रडत आलेली चार घरं मी बघितलीत.

---

गंगावेस_तालीम

राग मानू नका भावा, पोराबद्दल वाईट वाटतंय, आमच्या पेठेतली पण दोन पोरं बाहेर आहेत. पण व्हिसा संपल्यावर थांबला आणि काम केलं ही चूकच की. त्यांचा देश त्यांचा कायदा. आपल्याकडं कोण बिनकागदाचा घुसला तर आपण पण म्हणतोच उचला आणि पाठवा. मग त्यांनी ठेवलं तर मानवी हक्क कुठनं आले? मोकळं सोडलं तर पळून जाणार नाही का? मनापासनं विचारतोय, भांडण काढायला नाही.

---

इचलकरंजी_यंत्रमाग

गंगावेस भाऊ, तुमच्या "उचला आणि पाठवा" वर माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट सांगतो.

आमच्या शेडमध्ये एक मुर्शिदाबादचा कामगार आहे, सहा वर्षं झाली. त्याचा धाकटा भाऊ मुंबईच्या बाजूला गवंडीकाम करायचा. मागच्या वर्षी तिकडं बांगलादेशी शोधायची मोहीम चाललेली तेव्हा त्याला रात्री खोलीवरनं नेला. आधार दाखवला तर म्हणे आधार चालत नाही. बंगाली बोलतो हाच पुरावा. चार दिवस कुठल्या तरी हॉलमध्ये बसवलेला, फोन बंद. आमचा माणूस चारही दिवस माग सोडून भिंतीला टेकून बसलेला, जेवण जाईना. मग गावाकडनं आजोबांच्या नावचा जमिनीचा कागद व्हॉट्सॲपवर मागवला, फोटो एवढा पुसट की आमच्या मुनीमजींनी मोठा करून करून प्रिंट काढली, तिला लॅमिनेशन केलं आणि तो एसटीनं रातोरात गेला. पाचव्या दिवशी सुटला भाऊ. सॉरी कोण म्हणालं नाही, चार दिवसांचा कागद पण कुणी दिला नाही.

आता त्या लॅमिनेशनच्या कागदाची झेरॉक्स आमचा माणूस पाकिटात घेऊन फिरतो. इचलकरंजीत. भारतात. भारताचाच माणूस.

तो सुटला हे त्याचं नशीब. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई भागातनं उचललेले बंगालचे काही मजूर तर थेट बांगलादेशात ढकलले गेले, मग त्यांच्या राज्यानं कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. पेपरला आलेलं. बिनकागदाचा कोण आणि कागदवाला कोण हे ठरायच्या आधीच माणूस आत जातो, तिथं सगळी गोची आहे.

---

शाहूपुरी_वकील

यंत्रमागवाल्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. गंगावेस, तुमच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर देतो.

आपल्या घटनेचं कलम २१ वाचा. त्यात "नागरिक" शब्द नाही, "व्यक्ती" आहे. कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुठल्याच व्यक्तीचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ ला चकमा निर्वासितांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की हे परदेशी माणसाला पण लागू. म्हणजे पाठवायचा हक्क सरकारला आहे, तो कोण नाकारत नाही. पण पाठवेपर्यंत कसं ठेवायचं, किती ठेवायचं, त्याला कोर्टापुढं बोलता येतं का, हे हक्काचे प्रश्न आहेत.

आपल्याकडं काय झालं ते आसाममध्ये बघा. तिथं वर्षानुवर्षं परदेशी ठरवलेली माणसं साध्या जेलातच, चोर दरोडेखोरांबरोबर ठेवलेली, गोलपाडा, कोक्राझार, सिलचर, तेजपूर असल्या सहा जेलात. २०१२ लाच सुप्रीम कोर्ट म्हणालेलं की शिक्षा संपलेल्या परदेशी माणसाला जेलात ठेवू नका. तरी वेगळं सेंटर, मटियाचं, ३००० माणसांचं, चालू व्हायला २०२३ उजाडलं. मे २०१९ ला कोर्टानं सांगितलं तीन वर्षं झालेल्यांना जामिनावर सोडा, पण एकेक लाखाचे दोन जामीन. ज्याच्याकडं राहतं घर सोडून काही नाही तो कुठनं आणणार? कोविड आला तेव्हा एप्रिल २०२० ला ते दोन वर्षं आणि पाच हजारावर आणलं, तेव्हा कुठं बरीच माणसं बाहेर आली. बघा, कायदा तोच, माणसं तीच, फक्त वर्षांचा आणि जामिनाचा आकडा बदलला.

आणि आपल्या जुन्या १९४६ च्या फॉरिनर्स ॲक्टमध्ये मी परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच होतं. १ सप्टेंबर २०२५ पासनं नवीन इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट आलाय, पण ते ओझं तसंच ठेवलंय. खुनाच्या केसमध्ये सुद्धा सरकारनं सिद्ध करायचं असतं, इथं उलटं. ज्याचं घर २०१९ च्या महापुरात बुडालं त्याला शिरोळमध्ये विचारा आजोबांचे कागद कुठं आहेत म्हणून.

आता एक बरं झालंय, ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय. असं कुणाला बेकायदा धरलं तर हेबियस कॉर्पससाठी (धरलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा म्हणून करायचा अर्ज) रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची गरज राहिली नाही.

---

लेस्टरचा_कागलकर

पळून जाणार नाहीत का, ह्याचं उत्तर राहिलं. गंगावेस भाऊ, बेलवर सुटलेला माणूस मोकाट नसतो. ठरलेल्या पत्त्यावर राहायचं, ठरलेल्या दिवशी ऑफिसला जाऊन हजेरी लावायची, काहींच्या पायाला टॅग (नजर ठेवायचा इलेक्ट्रॉनिक पट्टा) असतो, काम करायची परवानगी नसते. मी ओळखतो त्यातले बहुतेक जण हजेरीला एक दिवस चुकवत नाहीत, कारण परत आत जायची भीती एवढी असते की बस चुकायला नको म्हणून दोन तास आधी जाऊन फुटपाथवर थांबतात.

आणि सुधारणा होत नाहीत असं पण नाही, रेटा लावला की होतात. पूर्वी इथं लहान पोरं पण आत असायची, २०१० ला ते कुटुंबांचं युनिट बंद केलं. गरोदर बाईला २०१६ पासनं ७२ तासांच्या वर सहसा ठेवता येत नाही. ब्रूक हाऊस नावाच्या सेंटरला २०१७ ला एका कर्मचाऱ्यानंच छुपा कॅमेरा लावून मारहाण दाखवली, त्यावर चौकशी बसली, सप्टेंबर २०२३ ला अहवाल आला, त्यात साफ लिहिलंय की २८ दिवसांची मर्यादा घाला. सरकारनं ती मानली नाही. ऑस्ट्रेलियात वीस वर्षं कोर्ट म्हणत होतं बेमुदत ठेवलं तरी चालतं, नोव्हेंबर २०२३ ला त्याच कोर्टानं स्वतःचा जुना निकाल फिरवला.

माझं म्हणणं एवढंच आहे, तारीख द्या. २८ द्या नाहीतर ६० द्या, पण आकडा द्या. आत बसलेल्या माणसाला मारहाणीनं तुटताना मी नाही बघितलं, तारीख नसल्यानं तुटताना बघितलंय.

---

वळिवड्याचा_म्हातारा

पोरांनो, वय ७४ आहे, नातीकडनं टाईप करून घेतोय, चुकलं तर सांभाळा.

तुम्ही परदेशी माणसं ठेवायची कशी म्हणून बोलताय, तर ते आमच्या गावानं करून दाखवलंय. १९४३ ते ४८ इथं वळिवड्याला पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता, पाच हजाराच्या आसपास माणूस, जास्त करून बायका आणि पोरं. रशियानं त्यांना घरातनं उचलून सायबेरियाकडं नेलेलं, तिथनं इराण करत करत आमच्याकडं आलेली. देश नाही, घर नाही, पुढं कुठं जाणार ते माहीत नाही.

माझे वडील तेव्हा १५ वर्षांचे, कॅम्पात दूध घालायला जायचे. ते सांगायचे, प्रत्येक खोलीपुढं त्या बायकांनी फुलझाडं लावलेली. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना, नाटकं व्हायची. कॅम्पाला नियम होते, देखरेख होती, पण बायका बाजाराला कोल्हापुरात यायच्या, पोरं सायकली फिरवायची. वडील पोलिश भाषेत दूध आणि उद्या हे दोन शब्द शिकलेले, मरेपर्यंत विसरले नाहीत. ती माणसं गेल्यावर फाळणीतनं आलेले सिंधी लोक त्याच जागेत राहिले, आजचं गांधीनगर ते.

महावीर गार्डनला त्या पोलिश लोकांनी बांधलेला स्तंभ आहे, किती जणांनी वाचलाय? वॉर्साला पण कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. लढाई चालू, रेशनवर धान्य, आणि तशात पाच हजार परकी माणसं आपल्याला कुलूप न लावता ठेवता आली.

राजारामपुरीकर, मामीला सांगा मी अंबाबाईला बोललोय.

---

गंगावेस_तालीम

काका नमस्कार. स्तंभाशेजारनं शंभरदा गेलोय, वाचला नव्हता. उद्या जातो.

यंत्रमागवाले, त्या चार दिवसांचं वाचून गप्प झालो. व्हिसा संपल्यावर परत यायला पाहिजे ह्या मतावर मी आहे अजून. पण तारीख द्यायला पाहिजे हे पटलं.

---

राजारामपुरीकर

सगळ्यांचे खूप आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही. अपडेट देतो.

काल रात्री पोराचा फोन आला. फुकट वकिलाच्या यादीत नाव लागलंय, गुरुवारी भेट. अर्ज तो परवाच टाकणार होता, तुमची पोस्ट वाचून दाखवली तसं थांबला. कागलकर दादांनी लेस्टरच्या एका जोडप्याशी बोलणं करून दिलं, ते मूळचे हातकणंगल्याचे, आम्ही त्यांना कधी बघितलं पण नाही, ते पत्ता द्यायला आणि जामीन राहायला तयार झालेत. मामा फोनवर त्यांना काही बोलूच शकला नाही, नुसता हो हो म्हणत राहिला. मददवर तक्रार टाकली. एजंटाचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत नाही, सोमवारी पोलीस स्टेशनला चाललोय.

आज ४१ वा दिवस. एक बारीक प्रश्न, मामीनं कांदा-लसूण चटणी आणि त्याचा जुना चष्मा बांधून ठेवलाय. पार्सल केलं तर आत देतात का?

---

लेस्टरचा_कागलकर

घरचं खाणं आत घेत नाहीत दादा. चष्मा पाठवा, नंबरचा कागद सोबत घाला. चटणी त्या हातकणंगल्याच्या ताईंच्या पत्त्यावर पाठवा, सुटला की पहिला तिथंच येणार आहे.